बिजवराचे कान

नवे स्पीकर पाहायला निघालेल्या माणसाची अवस्था बिजवरासारखी असते. पहिल्यांदा बोहल्यावर चढणाऱ्याला आगापिछा काहीच ठाऊक नसतो, त्यामुळे समोर येईल ते स्थळ त्याला साजरं वाटतं. बिजवर मात्र कांदेपोह्यांची बशी हातात धरून, मुलीच्या मागे आणखी कुणी उभं असावं तसा पाहत राहतो. मुलगी चांगली असते, घराणं चांगलं असतं, गळाही बरा असतो. पण ‘आमची ही असती तर’ हे वाक्य याच्या ओठांपर्यंत येऊन येऊन परत जातं. पुण्यातल्या एका वातानुकूलित दुकानात, पाऊल बुडेल अशा गालिच्यावर आणि आवाज पिऊन टाकणाऱ्या भिंतींच्या मधोमध मी नेमका असा बसलो होतो. माझी पहिली जोडी कर्ण्यांची होती. बरं, ती निवर्तलीही नव्हती, नुसती दुसऱ्या घरी नांदायला गेली होती. त्यामुळे माझ्या दुःखाला सुतकाची प्रतिष्ठासुद्धा नव्हती. शेजारी बायको पर्स मांडीवर घेऊन बसली होती. माझा चेहरा पाहून ती हळूच म्हणाली, “अहो, पहिलीचा फोटो लावू या भिंतीवर. पण आता पुढे चला.”

कर्णे म्हणजे लग्नाच्या मांडवावर बांबूला बांधतात ते राखाडी भोंगे नव्हेत, हे मला घरी येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगावं लागलं. नात्याने ते भाऊबंदच, पण माझे कर्णे सिनेमातले. मिरजेच्या एका टॉकीजमध्ये पडद्यामागे त्यांची हयात गेली होती. सिनेमाच्या पडद्याला बारीक बारीक भोकं असतात, ती आवाज पलीकडून अलीकडे यावा म्हणून. नायिका रडते पडद्यावर, पण तिचा हुंदका येत असतो पाठीमागच्या अंधारात उभ्या केलेल्या, कपाटाएवढ्या पेटाऱ्यातून. खाली लाकडी खोक्यात पंधरा इंची कागदी शंकू आणि वर पत्र्याचा कर्णा. त्याला एक नव्हे, आठ तोंडं, चार-चारच्या दोन ओळींत, प्रत्येक तोंड जरा वेगळ्या दिशेला वळलेलं. काही बाल्कनीकडे, काही पिटाकडे. तिकीट कितीचंही असो, आवाजात भेदभाव नाही.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि पडद्याला वाचा फुटली. पुढच्याच वर्षी कोल्हापुरातून प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि पडदा मराठी बोलायला शिकला. आमच्या भागात मग गावोगावी टॉकीज झाल्या आणि नंतर त्यातल्या पुष्कळ मंगल कार्यालयंही झाल्या. आमच्या टॉकीजचं तेच झालं तेव्हा पडद्यामागचं सामान भंगारात निघालं. कंपनीच्या नावाची पट्टी कुणी तरी आधीच उचकटून नेली होती. आत उंदरांनी कुरतडलेल्या तिकिटांचा भुगा होता. भंगारवाल्याने चुंबकाचं वजन हातानेच जोखून भाव सांगितला. आवाजाचा भाव त्याच्या तराजूत धरलेला नव्हता, आणि मीही त्याला ती आठवण करून दिली नाही.

कर्ण्याचं शास्त्र ओंजळीचं आहे. कृष्णाघाटावरून पलीकडच्या नावाड्याला हाक मारणारा माणूस दोन्ही तळवे तोंडाभोवती धरतो, त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. स्पीकरचा शंकू हवेच्या मानाने फार जड. तो बिचारा पुढेमागे हलतो, पण हवा त्याला दाद देत नाही, जागच्या जागी सरकून वाट करून देते. साध्या पेटीच्या स्पीकरला जेवढी वीज द्यावी तिच्यातली जेमतेम टक्काभर, कधी त्याहूनही कमी, आवाज होऊन बाहेर पडते. बाकीची नुसती ऊब होते. कर्णा अरुंद गळ्यापासून सुरू होऊन अंगाअंगाने रुंदावत जातो आणि आतला मोठा दाब बाहेरच्या पसरट हवेच्या गळी सावकाश उतरवतो.

अडचण एकच, खर्जासाठी कर्ण्याचं तोंड दाराएवढं लागतं. अमेरिकेत अर्कान्सा राज्यातल्या होप या गावी पॉल क्लिप्श नावाच्या इंजिनिअरने त्यावर तोड काढली. त्याने कर्णा घडी घालून पेटीत बसवला, पेटी खोलीच्या कोपऱ्यात सरकवली आणि दोन भिंतींनाच कर्ण्याचं उरलेलं तोंड करून टाकलं. १९४६ साली तो कर्णा विक्रीला आला. म्हणजे गिऱ्हाईकाने अर्धा स्पीकर विकत घ्यायचा आणि उरलेला घर बांधतानाच बांधून ठेवलेला असायचा! अशा कर्ण्याला एक वॅट पाजला तर मीटरभर अंतरावर १०५ डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो, आणि शेल्फावरच्या बेताच्या पेटीला तेवढ्यातच ८५. वीस डेसिबलचं अंतर कागदावर किरकोळ दिसतं. विजेच्या हिशेबात ते शंभरपट आहे. माझा जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम पाच वॅटचा होता, आणि त्यातला पहिला वॅट संपायच्या आत गल्लीतले लोक दारात येत.

ते येत, हेच खरं म्हणजे मला सांगायचं आहे. कर्णा जन्मापासून गर्दीचा. कॅलिफोर्नियात जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी विजेवर बोलणारा कर्णा तयार केला आणि १९१५ च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्कोत तो लोकांना ऐकवला. १९१९ मध्ये अध्यक्ष विल्सन सॅन दिएगोत त्याच्यातून हजारोंच्या सभेपुढे बोलले. त्याआधी पुढाऱ्यांना आणि गवयांना देवाने दिलेल्या गळ्यावरच भागवावं लागे. आमच्या संगीत नाटकांतली पदं शेवटच्या रांगेपर्यंत पोचत ती छातीच्या जोरावर. ध्वनिमुद्रण सुरू झालं तेही कर्ण्याच्या तोंडाशी. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान गायल्या, त्या अशाच कर्ण्यात तोंड घालून. आणि गाणं संपताना आपलं नाव इंग्रजीतून ठणकावून सांगत, की मुद्रिका कुणाची हे पुढे कुणाला शोधत बसायला नको. कर्ण्यात गायचं आणि कर्ण्यातून ऐकायचं, मधे मेणाची चकती. कर्ण्यापुढे एकट्याने बसलेला श्रोता मला एकच ठाऊक आहे, तो म्हणजे रेकॉर्डच्या लेबलावरचा कुत्रा. त्याचीही गंमत अशी की फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराने त्याला आधी दुसऱ्याच यंत्रापुढे बसवलं होतं; १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेतलं तेव्हा जुन्या यंत्रावर रंग चढवून त्यांचं यंत्र काढून दिलं. कुत्र्याची मान मात्र होती तशीच राहिली. त्याला कुणी विचारलं नाही की नवा आवाज कसा वाटतो.

मिरजेत आवाजाची कुणाला अपूर्वाई नाही. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथे राहिले, १९३७ साली गेले तेव्हा इथल्याच मातीत विसावले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या नावाने आजही गाणं होतं. त्यांची रेकॉर्ड ऐकून गदगच्या अकरा वर्षांच्या एका मुलाने १९३३ मध्ये घर सोडलं आणि पुढे तो भीमसेन जोशी झाला. आमच्या कर्ण्यांनी घर सोडायला लावलं ते फक्त शेजारच्या काकूंच्या मांजराला. माणसं उलट आत येत. रविवारी सकाळी दार उघडं असे. रस्त्याने जाणारा कुणी सायकल ओट्याला टेकवून विचारी, “कोण लागलंय?” “मन्सूरअण्णा.” “मग बसतोच की.” कपबश्या कधी पुरत नसत. बायको स्वयंपाकघरातून, पोळी लाटता लाटता, कुठला राग आहे ते ओळखायची आणि मी रेकॉर्डच्या पाकिटावर पाहून आधी ओळखल्याचा आव आणायचो.

दोष होतेच. कर्ण्यातून येणाऱ्या प्रत्येक आवाजाला जरासं नाक असे, ओंजळीतून मारलेल्या हाकेला असतं तसं. आणि कर्णा भेदभाव न करणारा, म्हणून मैफलीतल्या खोकल्यालाही ख्यालाइतकाच मान द्यायचा. एका भैरवीत तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांचा खोकला इतका हुबेहूब येई, की आमच्याकडे येणारे डॉक्टर त्याचं निदान करून बसले होते. पण तबल्यावर थाप पडली की ती छातीवर पडायची. तिच्यात आणि आपल्यात काही आहे, असं वाटायचंच नाही.

पुण्याला येणं ठरलं ते नेहमीच्या कारणांनी: गुडघे, मुलगी जवळ, घराची कौलं. फ्लॅटच्या दारातून पेटारे जाणार नाहीत, हे मापाच्या टेपने सांगितलं. शिवाय चाळीस हर्ट्झच्या खर्जाची एक लाट साडेआठ मीटर लांब असते आणि आमचा हॉल पाच मीटरचा. म्हणजे सुराला पाय पसरायचे तर ते वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात जाणार. कोल्हापूरच्या एका तरुणाने, ज्याच्याकडे मोकळी गोदामं आणि मोकळी संध्याकाळ दोन्ही होती, जोडी नेली. टेम्पोत चढवताना त्याने कर्ण्याच्या आठही तोंडांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. मला ते बघवलं नाही, पण मी बघितलं.

तर दुकान. विक्रेता मुलगा गोड होता, कानात एक बारीक बाळी. पहिला उमेदवार उंच, सडपातळ, काळ्या रोगणाचा मनोरा. त्याच्यावर त्याने एका परदेशी बाईंचं गाणं लावलं. बाई इतक्या जवळून कुजबुजत होत्या, की बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग एका सिनेमातला स्फोट ऐकवला. स्फोट फारच स्वच्छ होता. “बेस टाइट आहे ना सर?” मी मान डोलावली. माझ्या कर्ण्यांचा खर्ज टाइट नव्हता, ऐसपैस होता, पण हे अशा ठिकाणी बोलायचं नसतं. दुसरा उमेदवार बिनतारी, गोलमटोल, टेबलावर ठेवलेल्या उशीसारखा. फोनशी जोडताच तो इंग्रजीतून म्हणाला की मी जोडला गेलो आहे. “घरात आणखी कुणी बोलणारं नको,” असं म्हणून बायकोने त्याला बाद केलं.

तिसरी जोडी इंग्रजी वळणाची, बुटांच्या खोक्याहून थोडी मोठी. मुलाने अदबीने तिची कुळकथा सांगितली. १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी कर्णा काढून टाकून नुसता शंकू बोलता केला. १९५४ मध्ये एडगर विल्चरने शंकू बंद पेटीत घातला आणि आत कोंडलेल्या हवेचीच स्प्रिंग केली, त्यामुळे लहानशा पेटीतून खर्ज येऊ लागला. मग सत्तरच्या दशकात बीबीसीने बाहेर ध्वनिमुद्रणाला जाणाऱ्या गाड्यांसाठी एक चिमुकली जोडी बनवून घेतली, गाडीत जागाच तेवढी होती म्हणून. ही तिची लांबची नात. मी मनात म्हटलं, बघा, एकजण सिनेमागृहातून येतो, एकजण मोटारीतून. सोयरीक जमायची कशी?

“किशोरीताई आहेत का?” मी विचारलं. हे मी मघापासून शस्त्रासारखं राखून ठेवलं होतं. मुलाने फोनवर दोनदा बोट फिरवलं आणि भूप लावला.

आधी नुसता तंबोरा. आता मिरजेच्या माणसाने तंबोऱ्याबद्दल बोलायचं नाही तर कुणी. सतारमेकर गल्लीत कारागीर वाळलेल्या भोपळ्याचा तंबोरा मांडीवर आडवा घेऊन बसलेला असतो. घोडीवर तारेखाली एक सुताचा दोरा असतो, कारागीर तो नखाने सरकवतो. केसभर इकडे, तार मुकी. केसभर तिकडे, तार कोरडी ठणठणते. आणि मधे कुठे तरी, त्यालाही आधी न कळणाऱ्या एका जागी, तार उमलते, एका सुरातून दुसरे सूर सांडायला लागतात. माझ्या कर्ण्यांतून तंबोरा येई तो दिवाळीच्या रोषणाईसारखा, सगळीकडून एकदम, लखलखीत; त्यात कुठला दिवा कुठे हे कुणी पाहत नसे. या खोक्यांतून पंचम आला, तो सरून षड्ज आला, दुसरा आला, मग खर्ज, आणि प्रत्येक तारेच्या बुडाशी मला तो दोरा ऐकू आला. ऐकू आला असं आपलं म्हणतो.

“जवारी लागली बघा,” बायको म्हणाली. शेजारच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. इतकी वर्षं गाण्याबद्दल आम्ही एकमेकांशी बोललो ते स्वयंपाकघर ते ओटा या अंतरावरून, ओरडून.

मग ताईंचा षड्ज लागला. त्या समोर आल्या नाहीत. कर्ण्यातून गवई आपल्याकडे यायचा, अंगावर शाल टाकल्यासारखा. इथे त्या पलीकडे कुठे तरी, भिंतीच्याही मागे बसल्या होत्या आणि जायचं असेल तर आपण उठून जायचं होतं. मला ते आधी थोडं अपमानास्पद वाटलं. हा एवढासा आवाज, आणि ओट्यावरच्या माणसाने काय करायचं? तेवढ्यात लक्षात आलं की आमच्या नव्या घराला ओटाच नाही. चौथ्या मजल्यावर सायकल टेकवून कोण विचारणार, कोण लागलंय म्हणून. श्रोते दोन. त्यातला एक मघापासून पर्सच्या बंदावर ताल धरून बसलेला.

भावाच्या वेळी मुलाने मला ‘सर’वरून ‘काका’वर आणलं आणि मी विरघळलो. या चिमुकलीची भूक दांडगी निघाली. माझ्या पाच वॅटांवर तिचं पोट भरेना, म्हणून शंभर वॅटचा नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा लागला. मग तिच्या पायांना स्टँड आले, तिच्या तारा आल्या. नाजूक नवरीबरोबर माहेरची पाठराखीण यावी तसं गोत घरात शिरलं. मी जाहीरपणे कुरकुर केली आणि खासगीत खूश झालो.

बसवायला आलेल्या माणसाने हॉलमध्ये फरशीवर खडूने त्रिकोण काढला. दोन टोकांना दोन स्पीकर, तिसऱ्या टोकाला ऐकणाऱ्याचं डोकं. तिथे, नेमकं तिथेच बसलं तर गवई मधोमध दिसतो. वीतभर सरकलात की आवाज जवळच्या खोक्यात जाऊन बसतो. कारण आवाज मिलिसेकंदाला चौतीसेक सेंटिमीटरच चालतो आणि कान भोळा, जो आधी पोचला त्याचंच खरं मानतो. आठ तोंडांनी अख्ख्या टॉकीजला सांभाळून घेणाऱ्या जोडीनंतर ही एका माणसाची जागा! पूर्वी पिटातसुद्धा इतका वाईट हिशेब नव्हता. पुन्हा आमचा सोफा तीन गाद्यांचा, आणि मधल्या गादीवर मुलीने दिलेला दिवा, वर्तमानपत्रं आणि औषधांचा डबा यांचं कायमचं बिऱ्हाड.

“तुम्ही बसा मधे, तुम्हाला कळतं,” बायको म्हणाली.

“तू बस. जवारी तूच ओळखलीस.”

डबा हलला नाही. ती डावीकडे बसते, मी उजवीकडे. परवा सनई आणि सतारीची जुगलबंदी लावली, तर वाटणी आपोआप झाली: तिच्या बाजूला सनई, माझ्याकडे सतार. आलाप संपला, गत सुरू झाली, आणि काही वेळाने ती डब्यावरून वाकून म्हणाली, “तुमच्या सतारीचं काय चाललंय?”

“अजून विलंबितातच आहे. तुमच्याकडे?”

“आमचा सनईवाला दम खातोय वाटतं. बरंच झालं, तेवढ्यात मी कुकर बंद करून येते. द्रुत लागलं तर हाक मारा.”